गर्भवतीचे रक्त आणि अकरा हा अंक : रक्तक्षयविषयक अभ्यासांची एक चिकित्सा

बीजसंज्ञा : गर्भावस्था, रक्तक्षय, रक्तद्रव, हिमोग्लोबिन, फोलेट, ब-१२ जीवनसत्त्व, मातृआरोग्य

प्रस्तावना

गर्भवती स्त्रियांमधील रक्तक्षय हा विषय महाविद्यालयीन संशोधनात चांगलाच रुळलेला आहे. प्राणिशास्त्र, गृहविज्ञान, समाजशास्त्र, समाजकार्य अशा निरनिराळ्या विभागांतून या विषयावर शोधनिबंध सादर होतात आणि त्यांचा साचाही एव्हाना ठरून गेला आहे. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात तपासणीस येणाऱ्या पन्नास अथवा शंभर गर्भवती स्त्रिया निवडायच्या, त्यांच्या कार्डावरील हिमोग्लोबिनचे प्रमाण उतरवून घ्यायचे, ११ ग्रॅमच्या खाली असणाऱ्यांची टक्केवारी काढायची, ती वय, शिक्षण व उत्पन्न यांच्याशी ताडून पाहायची आणि अखेरीस स्त्रियांमध्ये आहारविषयक अज्ञान आहे असे नोंदवून पालेभाज्या, गूळ, खजूर व लोहाच्या गोळ्या यांची शिफारस करायची. या निबंधांमागील तळमळ खोटी नाही. आपल्या परिसरातील स्त्रियांच्या प्रकृतीची नोंद घ्यावी असे अध्यापकांना व विद्यार्थिनींना वाटणे ही स्वागतार्हच गोष्ट होय. परंतु ज्या आकड्यावर या लेखनाची सारी इमारत उभी असते तो आकडा नेमके काय सांगतो, हा प्रश्न त्यांत क्वचितच विचारला जातो.

प्रस्तुत लेखात या एका आकड्याची चिकित्सा केली आहे. दर १०० मिलिलिटर रक्तामागे ११ ग्रॅम हिमोग्लोबिन ही मर्यादा रेषा म्हणून उपयोगी आहे, याबद्दल वाद नाही. वाद आहे तो त्या रेषेच्या वाचनाबद्दल. गर्भावस्थेचा कितवा महिना, रक्त कोठून व कोणत्या पद्धतीने घेतले आणि रक्तक्षय कोणत्या जातीचा, या गोष्टी वगळून काढलेली टक्केवारी गणिताच्या दृष्टीने बरोबर असली तरी तिच्यावरून काढलेले अनुमान बरोबर ठरेलच असे नाही. आणि त्या अनुमानाचा भार अखेर स्त्रीवरच येऊन पडतो.

गर्भावस्थेत रक्ताचे काय होते?

गर्भधारणेनंतर स्त्रीच्या रक्तात घडणारा सर्वांत मोठा बदल त्याच्या आकारमानाचा असतो. सहाव्या-सातव्या आठवड्यापासून रक्तद्रव, म्हणजे रक्तातील पेशींव्यतिरिक्तचा पातळ भाग, वाढू लागतो आणि बत्तीस ते चौतीस आठवड्यांच्या सुमारास तो मूळच्या मानाने ४० ते ५० टक्क्यांनी अधिक होतो. तांबड्या पेशींची एकूण राशीही वाढते, परंतु तिची गती संथ असते व ती वाढ साधारणतः २० ते ३० टक्क्यांच्या घरात राहते. लोह कमी पडले तर तीही होत नाही. द्रव पुढे धावतो व पेशी मागे राहतात, म्हणून रक्त विरळ होते.

ही गोष्ट पाठ्यपुस्तकात एका वाक्यात उरकलेली असते. तिचे गणित मांडून पाहिले तर मात्र तिचा अर्थ वेगळाच उमटतो. गर्भधारणेपूर्वी एखाद्या स्त्रीच्या शरीरात ४००० मिलिलिटर रक्त आहे असे धरू. त्यात २५०० मिलिलिटर रक्तद्रव व १५०० मिलिलिटर तांबड्या पेशी, आणि हिमोग्लोबिनचे प्रमाण १२.५ ग्रॅम. म्हणजे तिच्या शरीरात एकूण ५०० ग्रॅम हिमोग्लोबिन झाले. आठव्या महिन्यात रक्तद्रव ४५ टक्क्यांनी वाढून ३६२५ मिलिलिटर झाला आणि तांबड्या पेशी २० टक्क्यांनी वाढून १८०० मिलिलिटर झाल्या, तर एकूण रक्त ५४२५ मिलिलिटर व एकूण हिमोग्लोबिन ६०० ग्रॅम होईल. तपासणीत मात्र आकडा येईल अवघा ११.१. या स्त्रीच्या शरीरात पूर्वीपेक्षा १०० ग्रॅम हिमोग्लोबिन अधिक आहे, आणि तरीही तिच्या कार्डावरचा आकडा दीड ग्रॅमने उतरलेला आहे. द्रव आणखी थोडा वाढला, तर पूर्णपणे निरोगी असलेली ही स्त्री शोधनिबंधाच्या तक्त्यात रक्तक्षयग्रस्त म्हणून मोजली जाईल.

हे विरळ होणे शरीराच्या सोयीचेही असते. पातळ झालेले रक्त वारेतील सूक्ष्म वाहिन्यांतून सहज वाहते. प्रसूतीच्या वेळी अर्धा लिटरपर्यंत रक्त जाते असे धरले, तर विरळ रक्तातून तेवढ्याच आकारमानात कमी पेशी गमावल्या जातात. इंग्लंडमधील फिलिप स्टीअर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये दीड लाखांहून अधिक गर्भावस्थांच्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात कमी वजनाच्या बालकांचे प्रमाण सर्वांत कमी कोठे आढळले, तर ज्या मातांचे गर्भावस्थेतील किमान हिमोग्लोबिन ९.५ ते १०.५ ग्रॅम होते त्यांच्यात. याउलट ज्यांचे हिमोग्लोबिन १०.५ च्या खाली उतरलेच नाही त्यांच्यात कमी वजनाची व अकाली जन्मलेली बालके अधिक होती. रक्तदाबाशी निगडित गर्भविषबाधेच्या विकारात रक्तद्रवाची वाढ खुंटते व रक्त दाट होते, हे ध्यानात घेतले म्हणजे या विसंगतीचा उलगडा होतो. आठव्या महिन्यातील १३.५ हा आकडा पाहून समाधान मानणाऱ्या परिचारिकेने एकदा रक्तदाबही पाहावा, असे म्हणूनच म्हणावे लागते.

अर्थात इंग्लंडमधील नोंदींवरून नंदुरबारच्या स्त्रीचे रक्त वाचता येत नाही. रक्ताचे विरळ होणे ही उपेक्षेची सबबही होता कामा नये. वरचेच गणित दुसऱ्या स्त्रीला लावून पाहावे. तिने गर्भावस्थेत पाऊल टाकले तेव्हाच तिचे हिमोग्लोबिन १० ग्रॅम होते. ४००० मिलिलिटर रक्तापैकी पेशी १२०० मिलिलिटर व द्रव २८०० मिलिलिटर. शरीरात एकूण हिमोग्लोबिन ४०० ग्रॅम. लोहाचा साठा नसल्यामुळे तिच्या पेशी वाढल्याच नाहीत आणि द्रव मात्र ४५ टक्क्यांनी वाढला, तर आठव्या महिन्यात तिचा आकडा साडेसातच्या आसपास येतो. हे विरळ होणे नव्हे, हे रितेपण आहे. प्रसूतीत तिचे अर्धा लिटर रक्त गेले तर ते सोसण्याची ताकद तिच्यापाशी नसते. पहिली स्त्री आणि ही दुसरी स्त्री ‘११ पेक्षा कमी’ या एकाच रकान्यात बसविल्या जातात. शंभर स्त्रियांपैकी साठ जणी रक्तक्षयग्रस्त असे लिहिताना त्या साठांत पहिल्या प्रकारच्या किती व दुसऱ्या प्रकारच्या किती हे सांगितले नाही, तर ज्या दुसरीसाठी हा सारा खटाटोप करायचा तीच गर्दीत हरवते.

रक्तातील इतर बदलांचा परामर्श थोडक्यात घेता येईल. गर्भावस्थेत पांढऱ्या पेशींची संख्या वाढते व प्रसूतीच्या कळांत ती आणखी चढते. प्लेटलेटची संख्या किंचित घटते, फायब्रिनोजेन व रक्त गोठविणारे इतर अनेक घटक वाढतात, आणि त्यामुळे तांबड्या पेशी तळाशी बसण्याचा वेगही वाढलेला दिसतो. काही निबंधांत पांढऱ्या पेशींची ही वाढ संसर्गाचे लक्षण म्हणून नोंदविलेली आढळते. गर्भवती नसलेल्या स्त्रीचे मापदंड गर्भवतीला लावल्यामुळे होणारी ही चूक आहे. रक्त गोठण्याची वाढलेली प्रवृत्ती प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावापासून संरक्षण देते, पण तिच्यामुळेच शिरांत गुठळी होण्याचा धोकाही वाढतो.

अकरा हा अंक व त्याचे मोजमाप

जागतिक आरोग्य संघटनेच्या पोषणजन्य रक्तक्षयावरील शास्त्रीय गटाचा अहवाल १९६८ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यात गर्भवतींसाठी ११ ग्रॅम ही मर्यादा सांगितली गेली. ती मोजक्या अभ्यासांच्या आधारे व तज्ज्ञांच्या विचारविनिमयातून ठरलेली होती. नऊ महिन्यांच्या काळात रक्त सतत पालटत असताना पहिल्या महिन्यापासून शेवटच्या महिन्यापर्यंत तीच एक रेषा लागू करण्यात आली. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने १९८९ मध्येच दुसऱ्या तिमाहीसाठी १०.५ ग्रॅम अशी वेगळी मर्यादा दिली होती. जागतिक आरोग्य संघटनेने हाच विचार २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांत स्वीकारला. त्यानुसार पहिल्या व तिसऱ्या तिमाहीत ११ आणि दुसऱ्या तिमाहीत १०.५ ग्रॅम ही मर्यादा मानली जाते. अर्धा ग्रॅम हा फरक वरवर क्षुल्लक वाटेल. परंतु बहुसंख्य स्त्रियांचे आकडे १० ते ११ च्या दरम्यान दाटलेले असतात, तेथे रेषा अर्ध्या ग्रॅमने सरकली की टक्केवारी लक्षणीयरीत्या बदलते. ज्या निबंधात तिमाहीची नोंदच नाही त्यातील आकडे आज पुन्हा तपासून पाहण्याची सोयही राहिलेली नाही, हे त्या लेखनाचे खरे नुकसान होय.

मोजमापाचा प्रश्नही असाच दुर्लक्षित राहिला आहे. वर्षानुवर्षे ग्रामीण आरोग्य केंद्रांत व महाविद्यालयीन प्रयोगशाळांत साहलीच्या पद्धतीने हिमोग्लोबिन मोजले गेले. बोटातून वीस मायक्रोलिटर रक्त शोषून घ्यायचे, सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात मिसळायचे, दहा मिनिटे थांबायचे, मग थेंब थेंब पाणी घालून तयार झालेला तपकिरी रंग शेजारच्या काचेच्या रंगाशी जुळवायचा. रंग जुळला की नाही हे डोळ्याने ठरवायचे असते. दोन निरीक्षकांच्या वाचनात अर्धा-एक ग्रॅमचा फरक पडणे ही या पद्धतीची मान्य मर्यादा आहे. दहा मिनिटे न थांबता वाचन घेतले, तर आकडा खोटाच कमी येतो. गर्दीच्या दिवशी, पन्नास स्त्रिया रांगेत उभ्या असताना, ती दहा मिनिटे पाळली जातात काय? हा प्रश्न विचारला की ‘१०.८’ अशा दशांश चिन्हासह छापलेल्या आकड्यांचा रुबाब बराच उतरतो.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत साहलीऐवजी डिजिटल उपकरण वापरले गेले, पण रक्त बोटाच्या टोकाचेच होते. बोट दाबून काढलेल्या थेंबात ऊतींतील द्रव मिसळण्याचा संभव असतो. यास्तव शिरेतील रक्त व स्वयंचलित यंत्र यांना प्राधान्य द्यावे, असे २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांत सांगितले आहे. भारतातही या पाहणीच्या सहाव्या फेरीतून रक्तक्षयाची चाचणी वगळण्यात आली आणि शिरेतील रक्तावर आधारलेले आहार व जैवचिन्हकांचे स्वतंत्र सर्वेक्षण हाती घेण्यात आले. पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातील ५२.२ टक्के गर्भवती रक्तक्षयग्रस्त ठरल्या होत्या. तत्पूर्वी चौथ्या फेरीत (२०१५-१६) हे प्रमाण ५०.४ टक्के व तिसऱ्या फेरीत (२००५-०६) ५७.९ टक्के होते. महाराष्ट्रात ते चौथ्या फेरीतील ४९.३ वरून पाचव्या फेरीत ४५.७ टक्क्यांवर आले. पाचव्या फेरीत १५ ते ४९ वयोगटातील सर्व स्त्रियांमध्ये रक्तक्षयाचे प्रमाण ५७ टक्के, म्हणजे गर्भवतींपेक्षा अधिक होते. गर्भवती नसलेल्या स्त्रीसाठी मर्यादा १२ व गर्भवतीसाठी ११, हे ज्यास ठाऊक नाही तो यावरून गर्भावस्थेत रक्त सुधारते असेही अनुमान काढील!

मुंबई, १९२८

रक्तक्षय म्हणजे लोहाची कमतरता, हे समीकरण शोधनिबंधांत इतके गृहीत धरलेले असते की शीर्षकात ‘रक्तक्षय’ आणि निष्कर्षात ‘लोह’ असे शब्द लिहिताना मधल्या पायरीची गरजही कोणाला भासत नाही. या समीकरणाला पहिला मोठा तडा ज्या शहरात गेला, ते शहर मुंबई होय.

लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयाशी संबंधित असलेल्या डॉ. ल्युसी विल्स (१८८८-१९६४) या रक्तशास्त्रज्ञ १९२८ मध्ये भारतात आल्या. इंडियन रिसर्च फंड असोसिएशनने मातामृत्यूंच्या कारणांची चौकशी हाती घेतली होती आणि डॉ. मार्गारेट बाल्फर यांच्या सांगण्यावरून विल्स त्या कामात सहभागी झाल्या. हाफकिन संस्था हे त्यांच्या कामाचे ठिकाण होते. मुंबईतील गरीब स्त्रियांमध्ये, विशेषतः गिरणीत राबणाऱ्या स्त्रियांमध्ये, गर्भावस्थेच्या उत्तरार्धात एक भयंकर रक्तक्षय आढळत असे. त्यात तांबड्या पेशी संख्येने थोड्या, पण आकाराने नेहमीपेक्षा मोठ्या दिसत. लोहाच्या अभावी पेशी लहान व फिकट होतात, येथे तर उलटेच चित्र होते.

विल्स यांच्या पद्धतीची शिस्त आजच्या अध्यापकांनी मुळातून पाहावी अशी आहे. निरनिराळ्या वर्गांतील व समाजांतील स्त्रिया काय खातात याची त्यांनी विचारपूस केली. मुंबईतील स्त्रियांचा आहार व राहणीची परिस्थिती यांविषयी त्यांनी डॉ. तळपदे यांच्यासह केलेली पाहणी १९३० मध्ये प्रसिद्ध झाली. ज्यांचा आहार सर्वाधिक निकस, त्या गरीब मुस्लिम स्त्रियांत हा विकारही सर्वाधिक, असे त्यांना दिसून आले. मग त्यांनी तो निकस आहार प्रथम उंदरांना व नंतर माकडांना देऊन पाहिला. अशा आहारावर रक्तक्षय झालेले माकड यीस्टच्या अर्काने, म्हणजे इंग्लंडमध्ये पावाला लावून खाल्ल्या जाणाऱ्या मार्माइट या स्वस्त पदार्थाने, सुधारले. पुढे रुग्ण स्त्रियांवरही तोच गुण आला. १९३१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये त्यांचा लेख प्रसिद्ध झाला. यीस्टमधील हा अज्ञात घटक पुढे ‘विल्स घटक’ म्हणून ओळखला गेला. १९४१ मध्ये अमेरिकेत पालकाच्या पानांतून फोलिक आम्ल वेगळे करण्यात आले आणि त्या दशकाच्या मध्यास लेडर्ली प्रयोगशाळेत आंध्रातून गेलेल्या यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या नेतृत्वाखालील गटाने ते प्रयोगशाळेत तयार केले. आज आरोग्य केंद्रात मिळणाऱ्या लाल गोळीत लोहाच्या जोडीला ५०० मायक्रोग्रॅम फोलिक आम्ल असते, त्याची वंशावळ गिरणगावातील या स्त्रियांपर्यंत पोहोचते. आपल्याकडील निबंधांत या गोळीचा उल्लेख पानोपानी येतो, या इतिहासाचा मात्र बहुधा नाही.

याच काळात मुंबईच्या कायदेमंडळात दुसऱ्या अंगाने हाच विषय चर्चेस आला होता. गिरणीतील स्त्रियांना प्रसूतिकाळात रजा व भत्ता मिळावा यासाठी आसवले यांनी विधेयक मांडले आणि जुलै १९२८ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्याचे समर्थन केले. प्रसूतीच्या आधी व नंतर मातेस विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, अशी त्यांची भूमिका होती. १९२९ मध्ये मुंबई प्रसूती लाभ कायदा झाला. एकीकडे हाफकिन संस्थेत तिचे रक्त तपासले जात होते आणि दुसरीकडे कायदेमंडळात तिच्या कामाचे तास व तिची मजुरी यांचा विचार होत होता. या दोन्ही गोष्टी एकाच शहरात, एकाच वर्गातील स्त्रीविषयी घडल्या. आजच्या संशोधनात मात्र त्या एका पानावर क्वचितच येतात.

पुण्याजवळची सहा गावे

विल्स यांच्या शोधावरून मोठ्या पेशींचा रक्तक्षय म्हणजे फोलेटची कमतरता असे नवे समीकरण मांडले, तर तेही फसवे ठरेल. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील गर्भवतींचा दीर्घकालीन अभ्यास केला. त्याचे २००८ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष विचार करायला लावणारे आहेत. या स्त्रियांपैकी सुमारे दोन तृतीयांश जणींत ब-१२ जीवनसत्त्वाची पातळी कमी होती, तर फोलेटची कमतरता जवळजवळ कोणातच आढळली नाही. शिवाय ज्या मातांमध्ये फोलेट अधिक व ब-१२ कमी होते त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला होणारा प्रतिरोध सर्वाधिक होता. १९२८ च्या मुंबईत जे औषध होते, ते १९९० च्या दशकातील पुण्याच्या खेड्यात एकट्याने पुरेसे नव्हते.

ब-१२ वनस्पतिजन्य अन्नात नसते. दूध, अंडी, मासे, मांस हेच त्याचे मार्ग. ज्या घरात दूध डेअरीला जाते आणि मांस सणावारीच शिजते, तेथे स्वतःस मांसाहारी म्हणविणारी स्त्रीही व्यवहारात शाकाहारीच असू शकते. आहाराच्या प्रश्नावलीत ‘शाकाहारी की मांसाहारी’ असा एकच प्रश्न विचारून ही गोष्ट कळत नाही.

येथे प्रयोगशाळेतील एक पेचही ध्यानात घ्यावा लागतो. लोहाच्या अभावाने पेशी लहान होतात, ब-१२ किंवा फोलेटच्या अभावाने मोठ्या होतात. दोन्ही अभाव एकाच स्त्रीत असतील तर पेशींचा सरासरी आकार चक्क सर्वसाधारण येतो. पेशींच्या आकारातील विषमता पाहिली तरच घोटाळा उघड होतो. साहलीच्या नळीत तर यातले काहीच दिसत नाही.

लोह व जीवनसत्त्वे यांच्या पलीकडील कारणे महाराष्ट्रापुरती तरी दूरची नाहीत. नंदुरबार, गडचिरोली, मेळघाट या आदिवासीबहुल भागांत सिकलसेलचा प्रश्न आहे. सिंधी व कच्छी लोहाणा समाजांत थॅलेसेमियाचे वाहक अधिक आढळतात. थॅलेसेमियाच्या वाहक स्त्रीच्या पेशी लहान असतात आणि चित्र लोहाच्या अभावासारखे दिसते, परंतु लोह कितीही दिले तरी आकडा फारसा हलत नाही. मग कार्डावर शेरा पडतो : गोळ्या नियमित घेत नाही.

गोळी, ताट आणि श्रम

हा शेरा शोधनिबंधांच्या निष्कर्षांतही वेगळ्या शब्दांत उतरलेला असतो. ‘अज्ञान’, ‘उदासीनता’, ‘अंधश्रद्धा’ हे त्याचे नेहमीचे पर्याय. गर्भवतींना लोहाच्या गोळ्या देण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७० मध्ये सुरू झाला. २०१८ च्या ‘अ‍ॅनिमियामुक्त भारत’ कार्यक्रमानुसार चौथ्या महिन्यापासून १८० दिवस रोज ६० मिलिग्रॅम लोहाची गोळी घ्यावयाची असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार देशात १८० किंवा अधिक दिवस गोळ्या घेतलेल्या माता अवघ्या २६ टक्के होत्या. मळमळ, बद्धकोष्ठ, काळसर शौच या तक्रारी खऱ्या असतात. लोहाची व कॅल्शियमची गोळी एकाच वेळी घेतल्यास लोहाचे शोषण घटते, चहासोबत घेतल्यासही तेच होते. पण दोन गोळ्यांत अंतर का ठेवायचे हे समजावून सांगण्यास रांगेतील पुढच्या स्त्रीकडे पाहणाऱ्या आरोग्यसेविकेला वेळ नसतो. केंद्रात गोळ्या संपलेल्या असतात ते दिवस तर कोणत्याच प्रश्नावलीत येत नाहीत.

आहारविषयक उपदेशाचेही एकदा गणित करावे. संपूर्ण गर्भावस्थेसाठी सुमारे १००० मिलिग्रॅम अधिक लोह लागते. त्यातील मोठा वाटा गर्भ, वार व वाढलेल्या तांबड्या पेशी यांच्याकडे जातो. शेवटच्या महिन्यांत दिवसाला ६ ते ७ मिलिग्रॅम लोह प्रत्यक्ष रक्तात शोषले जावे लागते. भाकरी, भात व डाळ यांवर आधारलेल्या आहारातील लोहाचा शेकडा आठवा भाग शोषला जातो असे उदारपणे धरले, तरी ताटात रोज ८० मिलिग्रॅमच्या आसपास लोह यावे लागेल. पालेभाजीची एक जुडी वाढवून हे साधत नाही. गर्भावस्थेत आतड्यांतून लोह शोषण्याची क्षमता वाढते हे खरे. तरीही साठा आधीपासून असावा लागतो, आणि तो किशोरवयातच जमतो किंवा जमत नाही. बीट लाल असते म्हणून त्याने रक्त वाढते, हा समज तर सुशिक्षितांच्या घरांतही पक्का आहे.

पालेभाजीस कमी लेखावे असा याचा अर्थ नाही. पुण्याजवळच्या गावांतील त्याच अभ्यासात पालेभाज्या, फळे व दूध अधिक वेळा खाणाऱ्या मातांची बाळे वजनाने अधिक असल्याचे २००१ मध्ये दाखविले गेले. मात्र त्याच चमूने दोन वर्षांनी आणखी एक गोष्ट पुढे आणली : गर्भावस्थेत शेतीचे व घरचे कष्ट अधिक करणाऱ्या मातांची बाळे लहान होती. पहिल्या निष्कर्षाचा उल्लेख आहारविषयक लेखनात आवर्जून होतो. दुसरा कोणी फारसा सांगत नाही. पालेभाजी खा असे स्त्रीला सांगता येते; विहिरीवरून पाणी आणू नको, खुरपणीला जाऊ नको, कोयता घेऊन उसाच्या फडात उतरू नको, असे सांगायचे तर ते तिला सांगून भागत नाही.

सर्वांची पाने वाढून झाल्यावर उरलेले खाणाऱ्या स्त्रीपुढे आहाराचे ज्ञान ठेवण्यापेक्षा अन्न ठेवणे अधिक फलदायी, हा विचार शासनाच्या योजनांत अगदीच आलेला नाही असे नाही. महाराष्ट्रात २०१५ मध्ये आदिवासी भागासाठी सुरू झालेल्या डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेत गर्भवती व स्तनदा मातांना अंगणवाडीत एक वेळचे गरम जेवण देण्याची तरतूद करण्यात आली. अशा जेवणाचा हिमोग्लोबिनवर काय परिणाम होतो, हा महाविद्यालयांच्या आवाक्यातील उत्तम विषय आहे. त्यासाठी परदेशी यंत्रे लागत नाहीत. अंगणवाडीच्या हजेरीपटावरून ती स्त्री किती दिवस जेवली हे कळते, आणि कार्डावरून गर्भाचे आठवडे.

सध्या वापरात असलेल्या प्रश्नावलीत चार-पाच रकाने वाढविल्याने बरेच काही साधेल : रक्त घेतले त्या दिवशी गर्भ किती आठवड्यांचा होता, रक्त बोटाचे की शिरेचे, व मोजले कशाने, गर्भधारणेपूर्वीचा किंवा पहिल्या तपासणीतला आकडा काय होता, शक्य असेल तेथे पेशींचा आकार, आणि ती स्त्री दिवसभरात काय काम करते, किती तास. ‘११ पेक्षा कमी’ हा एक ढीग करण्याऐवजी ७ च्या खाली, ७ ते ९.९ आणि १० च्या वर अशी विभागणी करावी. शासनाच्या उपचारपद्धतीतही ती तशीच आहे. ७ च्या खालील स्त्रियांची संख्या शंभरांत दोन किंवा तीनच भरेल आणि संख्याशास्त्राच्या दृष्टीने ती नगण्य ठरेल. त्या दोघी-तिघींविषयी मात्र तक्त्याखाली स्वतंत्र परिच्छेद असावा : त्या कोणत्या वस्तीतून आल्या, कितवे बाळंतपण, आधीची प्रसूती कधी झाली, रक्ताची पिशवी मिळण्याचे ठिकाण तेथून किती किलोमीटरवर आहे, आणि त्यांची प्रसूती अखेर कोठे झाली.